ओ

रात्री साडेदहाला येतात ती.
वेळ त्याच्या झोपेने ठरवलेली, आम्ही नव्हे.
सॅन डिएगोच्या या तळघराला खिडकी नाही,
समुद्र दोन मैलांवर, पण कळत नाही.
यादिरा, तिच्या खांद्यावर ईकेर,
सव्वादोन वर्षांचा, मुठीत बाटलीचं निळं झाकण.
मागून एफ्राइन, गोदीतला वेल्डर,
एका हातात उशी, दुसऱ्या हातात दुसरी उशी,
जणू बिऱ्हाड हलवतोय.

फॉर्मवर प्रश्न आहे:
नावाने हाक मारल्यावर बघतो का?
यादिराने काही लिहिलेलं नाही.
पेन बराच वेळ टेकवलं होतं,
त्याचा ठिपका तेवढा.

तीन आठवडे ती त्याला या यंत्राचा आवाज ऐकवतेय,
झोपताना, फोनवरून, रोज थोडा मोठा:
टक टक टक, मग घुर्र, मग शिट्टीसारखं काही.
अंगाईच्या जागी हे.
एफ्राइन म्हणतो, घरी आलो तरी गोदीतच असतो मी.

पहिल्या रात्री जमलं नाही.
बारा दहाला जागा झाला, छत फाटेल असा रडला,
आणि झाकण सापडेना.
ते माझ्या बुटाखाली होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला यादिरा दाराशी उभी राहून सांगत होती,
लाँड्रीत कुणीतरी म्हणालं, मुका.
तिने तिथल्या तिथे त्याचा एक घेतला
आणि कपडे तसेच ओले उचलून आली.

झोपला.
कानांवर हेडफोन, त्यावर फेसाच्या गाद्या,
झाकण काढून घेतलेली मूठ तशीच अर्धी मिटलेली.
मी गोष्ट सुरू केली.
एक बदक, त्याचा हरवलेला मोजा.
मग तीच गोष्ट उलटी वाजवलेली:
बाईचा आवाज तोच, चढउतार तसेच काहीसे,
फक्त बदक नाही, मोजा नाही, कुणी काही म्हणत नाही.

काचेपलीकडून एफ्राइनने विचारलं,
बोलेल का?
मी बटणं दाबणारी बाई.
माझ्या पडद्यावर नुसतं करडं दिसतं,
करवतीने कापलेल्या ओंडक्यासारखं, कड्याआत कडी.
तसं मी सांगितलं.
तो ओंडक्याकडे बघत राहिला.

रंग नंतर चढतात.
दुसऱ्या मजल्यावर, पंखे घोंघावणाऱ्या खोलीत,
आकड्यांवर आकडे घासून.
अकरा दिवसांनी ओदालीसने चारशे सतरा क्रमांक उघडला
आणि मला तो क्रमांक पाठ होता.
डावीकडे, कानाच्या वर, जरा मागे,
गोष्टीच्या वेळी
फिकट नारिंगी.
उलट्या गोष्टीला काही नाही.

एका पोराच्या एका रात्रीवरून
काही म्हणायचं नसतं, ओदालीस म्हणाली.
मी काही म्हणत नाही.
पालकांना वैयक्तिक निकाल मिळणार नाहीत,
असं त्या कागदावर आहे, खाली माझीही सही आहे.
तरी त्या रात्री पुलावरून गाडी नेताना
मी एकटीच मोठ्याने म्हणाले, दिली की रे.
आतल्या आत, झोपेत, कुणाच्या नकळत,
पण दिली.

आठ महिन्यांनी दिवसाउजेडी आले.
ईकेर फरशीवर झाकणं मांडत बसलेला,
निळी एका रेषेत, लाल रेषेबाहेर.
मी नाव घेतलं. नाही.
पुन्हा घेतलं. नाही.
यादिरा पर्समध्ये उगाच काही शोधू लागली.

मग, मान वर न करता, तो:
टक टक टक.
घुर्र.
आणि थांबला.
झाकण हातात, हात हवेत.

मला कळायला वेळ लागला की जागा माझी आहे.
मी शिट्टी वाजवली. नीट नाही आली,
नुसती हवा गेली.

त्याने पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.